चाके टेकवून घेतलेले माप

मी, या कागदाच्या शेवटी सही करणारा, वय एकाहत्तर, धंदा मोटार दुरुस्ती, राहणार गॅरेजच्या वरच्या दोन खोल्यांत, हे लिहितो ते पूर्ण शुद्धीवर राहून आणि आपखुशीने. गुडघे गेले आहेत, डोके शाबूत आहे. डॉक्टरीणबाईंचा तसा दाखला सोबत जोडला आहे. मुलांनी मला भाग पाडलेले नाही. उलट मुलगी म्हणाली, "बाबा, सकाळी सकाळी हे काय अभद्र काढलंय?" यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही, त्यामुळे रद्द करण्यासारखेही काही नाही.

कलम एक. वरच्या खोल्या, गॅरेज आणि बँकेत जे असेल ते मुलगा व मुलगी यांनी निम्मे-निम्मे घ्यावे. भांडू नये. या घराण्यात एक भांडण झाले, तेवढे पुरे. त्याची हकिगत कलम चारमध्ये येते.

कलम दोन. क्रीम रंगाची जुनी गाडी मुलीला. खरे तर ती माझी कधीच नव्हती. माझ्या बायकोचा डावा पाय लहानपणीच्या आजाराने लुळा पडला होता. क्लच दाबणे तिला शक्य नव्हते, म्हणून सासऱ्यांनी शोधून शोधून लेकीसाठी आपोआप गिअर बदलणारी गाडी आणली. लग्न ठरल्यावर मला म्हणाले, "गाडी तिची आहे हं. तुम्ही फक्त तेलपाणी बघा." मी तेच बघत आलो. ती त्या गाडीतून रोज शाळेत गणित शिकवायला जायची आणि येताना माझ्या गॅरेजसमोर उगाच हॉर्न वाजवायची. सासऱ्यांचे उपकार या जन्मी फिटायचे नाहीत. मुलीला अट एकच: या गाडीला हातगिअर कधीही बसवू नये.

कलम तीन. त्या गाडीचा गिअरबॉक्स गेला तेव्हा त्याचे सुटे भाग कुठेच मिळेनात. नाक्यावरचा मेकॅनिक, ज्याला मी शहाणा म्हणतो, तो बोलला, "हातगिअर टाका, दोन दिवसांचं काम. बाईंना आता कशाला चालवायचीय? तुम्ही सोडत जा की." उचलली जीभ लावली टाळ्याला. बायको तिथेच उभी होती. घरी येऊन तिने चावी खिळ्याला अडकवली आणि तीन आठवडे तिकडे पाहिले नाही. या शहाण्याला माझ्यातर्फे जुन्या गिअरबॉक्सचे एक झिजलेले दातेरी चाक द्यावे, कागद दाबून ठेवायला होईल.

भंगारवाल्याला माझा रेडिओ द्यावा. गेली कित्येक वर्षे त्याचा डोळा आहे त्याच्यावर. ठोकलेल्या एका गाडीचा, वेगळ्याच कंपनीचा, पण आपोआप चालणारा गिअरबॉक्स त्याने मला काढून दिला. म्हणाला, "घेऊन जा मिस्त्री. नाही बसला तर परत आणा, मी काही पळून जात नाही." असा माणूस शोधून सापडत नाही.

कलम चार. हे कलम नीट वाचावे. नवा गिअरबॉक्स इंजिनाला जोडायची जाड चकती माझ्या धाकट्या मेहुण्याने, म्हणजे बायकोच्या भावाने, आपल्या लोखंड कातायच्या खरादावर घडवली. ती अशी बसली की सांध्यात केस जाऊ नये. पण गिअरबॉक्स जुन्यापेक्षा चार बोटे लांब होता, त्यामुळे त्याच्यापासून मागच्या चाकांकडे फिरत जाणारा लांब शाफ्ट कापून आखूड करणे आले. माप मी घेतले, कागदावर लिहून मेहुण्याला दिले. त्याने तेवढेच कापले.

पहिल्या फेरीला बायकोच बसली. रस्त्यातल्या पहिल्या उंचवट्यावर गाडी दबली, शाफ्ट पुढे सरकून गिअरबॉक्सवर आदळला आणि त्याच्या मागच्या कवचाला तडा गेला. गिऱ्हाइकांदेखत मी मेहुण्यावर ओरडलो, "साधं माप कळत नाही तुला? बहिणीचा जीव गेला असता!" तो म्हणाला, "दाजी, कागदावर होतं तेवढंच कापलं. कागद बघा ना." कागद मी त्याच्या हातातून घेतला आणि खिशात घातला.

खरी गोष्ट अशी. माप घेताना गाडी मी जॅकवर उचललेली होती. चाके अधांतरी असली की मागचा सगळा भार खाली लोंबतो आणि अंतर वाढते, म्हणून शाफ्ट लांब राहिला. माप घ्यायचे ते चाके जमिनीवर टेकवून. शिकाऊ पोरालाही पहिल्या महिन्यात हे सांगतात. नाचता येईना अंगण वाकडे, दुसरे काय! तो कागद सोबत जोडला आहे. अक्षर माझे आहे.

पुढे एकदा मी भंगारवाल्याकडे दुसरे कवच आणायला गेलो असता बायकोने भावाला बोलावून घेतले. तो गाडीखाली फरशीवर झोपून, चाके टेकवून, माप घेऊन गेला. चौथ्या दिवशी नवा शाफ्ट दारात होता. मी तो मुकाट्याने बसवला. बायको एकदाच म्हणाली, "त्याची चूक नव्हती ना हो?" मी म्हणालो, "जेवण वाढ." नंतर तिने विचारले नाही. त्या शाफ्टवर ती शेवटपर्यंत स्वतः गाडी चालवत राहिली, भावाकडेसुद्धा एकटीच जायची.

कलम पाच. माझी सगळी हत्यारे मी मेहुण्याच्या नावे लिहिली होती. वकीलबाई म्हणाल्या, "ज्याला काही मिळणार त्याची साक्ष नको. हत्यारं द्या, नाहीतर सही घ्या." मी दोन दिवस विचार केला. हत्यारे माझ्या माघारी पोचली असती. सहीसाठी मला स्वतः जावे लागणार होते. मेल्यावर माफी मागायला हिंमत लागत नाही. म्हणून हत्यारे मुलाला, ज्याला पाना आणि पक्कड यांतला फरक कळत नाही.

कलम सहा, जे मेहुण्याच्या दुकानात बसून लिहीत आहे. मेहुण्याने खराद थांबवला, हात पुसले आणि कलम चार उभ्यानेच वाचले. त्याच्या शेवटी मी लिहून आणले होते, "यामुळे आम्ही अकरा वर्षे बोललो नाही." त्याने त्यावर बोट ठेवले. "अकरा नाही, दाजी. तेरा. ताई गेल्यावरची दोन धरलीच नाहीत तुम्ही. त्या दोन वर्षांत तिच्याबद्दल बोलायला मला कुणीच नव्हतं." मलाही नव्हते. हे मी त्याला सांगितले. मग ते वाक्य आम्ही दोघांनी मिळून खोडले. खोडाखोड मला मान्य आहे.

स्थळ: मेहुण्याचे दुकान.
दिनांक: नऊ मार्च.
सही: (मिस्त्री)

साक्षीदार पहिले: शेजारचे घड्याळजी. सही.
साक्षीदार दुसरे: धाकटा मेहुणा, खरादी. सही. खाली त्याच्याच अक्षरात: "दाजी आज इथंच जेवणार आहेत. घरी वाट पाहू नये."