लेनमधून ढकलत नेलेली सायकल

सूनबाई,

तुझ्या सायकलची हवा मीच सोडली होती. वॉचमनवर उगाच ओरडलीस. म्हटलं, चांगली सायकलची लेन सोडून रस्त्यावर ट्रकशेजारी मिरवतेस ना, मग चाल दोन दिवस पायी. पण आज पुन्हा निमूट चालत कामाला निघालीस आणि मी चहा तसाच ठेवून उठले.

सायकल हवा भरायला नेली, मुद्दाम त्या लेनमधूनच ढकलत. लेन कसली, गाड्यांचा गोठा झालाय! एका शहाण्यानं मागं न बघता गाडीचं दार उघडलं, ते थेट माझ्या कोपरावर. तू सायकलवर असतीस तर? पुढचं मनात आणवेना.

तर तुझं बरोबर होतं. एकदाच लिहितेय. चारचौघांत विचारलंस तर साफ नाही म्हणेन.

हवा भरलीय, सायकल जिन्याखाली आहे. कोपर सुजलंय, म्हणून पुलापलीकडच्या दवाखान्यात दाखवायला गेलेय. जेवण झाकून ठेवलंय, आधी चार घास खा. मला न्यायला यायची काही गरज नाही. तू ऐकणार नाहीसच, तर रस्त्यानंच ये. सावकाश.