आमच्या समक्ष

२ जानेवारी

आजपासून सुमंत वकिलांकडे कामाला लागले. धरमपेठेत पहिल्या मजल्यावर कचेरी आहे, खिडकीशी माझं टेबल. वकीलसाहेब फक्त वयस्क माणसांची कामं करतात, बहुतेक मृत्युपत्रं. ज्यांना दिसत नाही त्यांना कागद मोठ्यानं वाचून दाखवायचा आणि साक्षीदार म्हणून सही करायची, एवढंच माझं काम. मी शाळेत गेले नाही. संत्र्यांच्या पेट्यांत घातलेल्या वर्तमानपत्रांवर अक्षरं शिकले आणि तेव्हापासून कुठं अंगठा केला नाही. हे असते तर म्हणाले असते, "सत्यवती, वकिलीणच झाली नं वं तू!" हिंगणा रोडवरचं त्यांचं दोन खोल्यांचं घर दीक्षासाठी आहे. आता पोरीवर माझ्या औषधाचा भार नको.

८ जानेवारी

रामटेकच्या यमुताई आल्या. वय चौऱ्याऐंशी. मी घाईनं वाचत होते, तर म्हणाल्या, "हळू वाच वं, मी काही पळून नाही राहिली." बारा वर्षं सेवा करणाऱ्या श्वेता या भाचीला त्यांनी घर दिलं. पुतण्या पुष्कर जिन्यातच तोंड फुगवून उभा होता. त्यांनी स्वतः सही केली, खाली एक लांब शेपटी काढून. मग मी केली. जाताना माझ्या गालावरून हात फिरवला.

१० जानेवारी

वकीलसाहेब म्हणाले, आजारी माणसांकडे ते एकटेच जातात, मी कशाला दगदग करायची? सहा कागद पुढं ठेवले. वर सगळं कोरं. खाली छापलेलं, 'आमच्या समक्ष अंगठा केला'. मी सहाही कागदांवर सही केली. चहा आला होता, तो निवत होता.

१९ जानेवारी

पेपरात यमुताईंचा फोटो. परवा गेल्या.

२७ जानेवारी

श्वेता आली. पुष्करनं दुसरं मृत्युपत्र काढलंय, चौदा तारखेचं. घर त्याला. खाली निळा अंगठा आणि माझी सही. चौदा तारखेला आत्या दवाखान्यात बेशुद्ध होती, असं ती म्हणाली. मग मला विचारलं, "काकू, तुमच्यासमोर केला का आत्यानं अंगठा?" वकीलसाहेब चष्मा पुसत होते. नोकरी गेली तर पुन्हा दीक्षाच्या दारी.

मी हो म्हटलं.

२८ जानेवारी

सकाळी उठले तर डावा अंगठा निळा. शाईच्या डबीला हात लावला नव्हता. साबण लावला, लिंबू घासलं, रॉकेल लावलं. जाईना.

३० जानेवारी

भर दुपारी समोरची खुर्ची करकरली. कोणी नव्हतं. गादी मात्र दबलेली. मी एक कागद वाचत होते. कानाशी आवाज आला, हळू वाच वं.

१ फेब्रुवारी

घरी, यांच्या फोटोमागे एक कागद सापडला. त्या सहांतलाच, पण माझी सही पुसली गेलेली. वर माझं नाव. माझं घर, श्वेताला. तारीख येत्या परवाची, तीन फेब्रुवारी. साक्षीदाराच्या जागी एकच सही, खाली लांब शेपटी. शाई ओली. अंगठ्याची जागा रिकामी —

२ फेब्रुवारी

चुलीत जाळला. राख नालीत टाकली. पुन्हा फोटोमागे. घडीसुद्धा मोडलेली नाही.

३ फेब्रुवारी

श्वेताकडं जाते. खोटं बोलले, सांगते. कचेरीत, कोर्टात, कुठंही सांगते. चपला घातल्या —

दारात खुर्ची. कचेरीतली.

बसल्यात. कागद मांडीवर. हसत नाहीत, रागावल्याही नाहीत. वाट बघतायत नुसत्या. मी बघितलं नव्हतं. त्या बघणार आहेत.

डावा हात माझा राहिला नाही. उजव्यानं लिहितेय तोवर — दीक्षा, हे मी माझ्या मनानं नाही — त्यांनी बोट धरलंय, थंड — दीक्षा, घर —