तुझ्या पानावरची फिकी शेव

आई,

उद्या तुझी तिथी. भट्टी पेटली की पहिला घाणा तुझा. बेसन, ओवा, मीठ आणि चिमूटभर हळद, तू घालायचीस तेवढीच. दुसऱ्या घाण्यापासून पिठात पुडीतला रंग पडतो. इतकी वर्षं हे बिनबोभाट चाललं होतं, पण आज तुझी नात दुकानात आली आणि म्हणाली, "बाबा, दुकानातली पिवळी, मग आजीच्या पानावर फिकी शेव का? तिला पिवळी आवडत न्हवती?" मी म्हटलं, "तिला फिकीच आवडायची." पोरीचं समाधान झालं, माझं झालं नाही.

पौडच्या स्टँडसमोर आपण पहिल्यांदा कढई मांडली ते आठवतं. घाणा सोडला की तू म्हणायचीस, "त्वांड मिट, तेल काय म्हणतंय ते ऐक." तेलाचा चर्र आवाज बसला की शेव झाली. अजून मी कढईकडे पाठ करून तळतो, चुकत नाही. याच कानांनी घात केला बघ. समोर दुसऱ्याची गाडी लागली, त्याची शेव झेंडूसारखी पिवळी. एसटीतनं उतरलेली एक बाई नवऱ्याला सांगत होती, "ती घ्या, ही शिळी दिसतीया." आपली शेव तेव्हा कागदातनं हाताला चटके देत होती! चार दिवस तेच ऐकलं, पाचव्या दिवशी मी पुडी आणली. आपल्या गाडीवर रोज येणारा कंडक्टर एक बकाणा मारून म्हणाला, "आज जमली गड्या, लई खमंग." बेसन तेच, तेल तेच, हात तुझाच. मला हसू आवरेना. माणूस आधी डोळ्यानं खातो, हे मला त्या दिवशी कळलं, आणि कळलेलं मी विकायला लागलो.

तुला मी हळद वाढवली एवढंच सांगितलं होतं. तुला कळलं ते ओढ्यावर, माझी बंडी धुताना. हळदीचा डाग साबण लागला की लाल होतो आणि उन्हात उडतो. हा डाग लाल होईना की घासून निघेना. ओली बंडी तशीच घेऊन तू गाडीवर आलीस. "ही हळद न्हाई. काय घालतूस?"

"रंग हाय आई. पुण्यात समदे घालत्यात."

"कापडातनं निघंना, त्ये पोरांच्या पोटातनं कसं निघंल?"

"पोट म्हंजी काय बंडी हाय व्हय?" मी म्हणालो आणि बाकड्यावरची गिऱ्हाइकं खो खो हसली. तू हसली नाहीस. त्या दिवसापासून तू सोऱ्याला हात लावला नाहीस, आणि आपली शेव तोंडात घातली नाहीस. मी म्हणायचो, म्हातारी हट्टी आहे. पुढे गाडीचं दुकान झालं, तू आजारी पडलीस, अन्न जाईना, आणि एका सकाळी आपणहून म्हणालीस, "जरा शेव दे." मी धावत दुकानात गेलो. सगळे डबे पिवळे. त्यातलीच मूठभर आणली. तू पाहिलंस, ओठ मिटलेस आणि म्हणालीस, "राहू दे." मी फिकी तळून आणेपर्यंत तुझं खाणं संपलं होतं. तेव्हापासून ती पानावर वाढतोय.

परवा डोंगरावरच्या वाडीतली बाई पोरीला घेऊन आली. बाजारात करवंदं विकून जाताना ती लेकीला शेव घेते. काट्यासारखी वाळलेली पोर, दुसरं काही खात नाही म्हणे. "पिवळीच द्या शेट, फिकी दिली तर हात लावत न्हाई." फिक्या शेवेचा डबा माझ्या गल्ल्याखालीच होता. तो घरचा, तू गेल्यावर वेगळा तळायला लागलो तो. तुझ्या नातीला मी आजवर दुसरी शेव दिलेली नाही. वाडीतल्या पोरीला पिवळी बांधून दिली, वर मूठभर जास्त घातली. ती पोर दुकानाच्या पायरीवरच बोटं चाटत बसली. बोटं पिवळी झाली होती आणि मला ओढ्यावरची बंडी दिसत होती.

रंग बंद केला तर गिऱ्हाईक समोरच्याकडे जाईल, हे मला पक्कं ठाऊक आहे. तुझ्यासमोर मी हेच म्हणालो असतो, आणि तू बंडी पुढे धरली असतीस.

हा कागद मी पुडीच्या डब्यात ठेवतोय, पुडीच्या वर. उद्या तुझा घाणा निघाला की दुसऱ्या घाण्यासाठी पुडी काढताना आधी हा उचलावा लागेल. उचलणार नाही, असं मात्र लिहवत नाही, आई.