अम्मीची दवा

श्रीवर्धन,
१२ मे

प्रिय हुझैफा,

अस्सलामु अलैकुम. इकडे सगळे खुशाल आहेत, तूही असशील. आंबा यंदा बेताचाच आला. अम्मीला नव्या चपला घेतल्या, जरा मोठ्या मापाच्या. हे पत्र सिराजुद्दीन मामूंच्या हाती देतेय, कारण फोनवर अम्मी मला चिकटून बसते आणि मी तोंड उघडलं की चिमटा काढते.

तू पाठवलेला सब्जा पोचला. अरे शहाण्या, तोच सब्जा आपल्या बाजारात वाण्याकडे मिळतो, लहानपणापासून फालुद्यात खातोय आपण. पण तू दुबईत इराण्याच्या हॉटेलात शरबतं बनवतोस, म्हणून तो विमानानं आला. वर तुझा व्हॉइस मेसेज: "अम्मी, इराणी लोक पिढ्यान्‌पिढ्या हे पितात. पोट थंड राहतं, कोठा साफ होतो, शुगर ताब्यात येते." सोबत गुलाबपाणी, केशर आणि शरबताची कृती. त्या कृतीत साखरेचा पाक आहे, हे तुझ्या ध्यानात आलं नाही?

अम्मीनं कृतीत काडीचाही बदल केला नाही. रोज दुपारी सब्जा भिजवायचा, दाणे टम्म फुगले की केशराच्या पाकात आणि गुलाबपाण्यात ढवळायचे, आणि मोठा पेला रिकामा करायचा. साखर नको म्हटलं तर म्हणते, "माज्या पोरानं धाडलेली दवा हाय ती. दवेत आपली अक्कल चालवायची न्हाय." आणि ही दवा सुरू, म्हणून डॉक्टरांच्या गोळ्या बंद! त्या मला तांदळाच्या डब्यात सापडल्या. मी कपाळावर हात मारला.

डॉक्टर म्हणाले, "सब्ज्याशी माझं भांडण नाही. साध्या पाण्यात भिजवून घ्या, पोटाला चांगलाच आहे. पण तो गोळीची जागा घेत नाही, आणि पाक तर तुम्हाला विष आहे." तिनं मान डोलावली. घरी आल्यावर पुन्हा पाकाचं पातेलं गॅसवर.

मी रोज तिचा पाय धुते, पट्टी बदलते, आणि माझं बोलणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. तू तिथून दोन वाक्यं बोललास, ती मात्र काळ्या दगडावरची रेघ. राग येतो रे मला. तिचा येतो, तुझा त्याहून जास्त येतो.

पट्टीचं लिहायचं नव्हतं. अम्मीनं कसम घातलीय, "त्याला कळला तर नोकरी सोडून धावत येल." पण आता लिहितेच. उजव्या पायाला ठेच लागली, ती चिघळली. ईदनंतर अंगठा काढावा लागला. त्या चपला त्यासाठी. साखर उतरली नाही तर पाऊलही जाईल, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय.

तू ये. समोर बसून, तुझ्या तोंडानं सांग तिला, की तू चुकलास. माझं ती ऐकणार नाही.

आत्ताच आतून ओरडली, "लिवतेसच तर लिव, सब्जा संपत आलाय." लिहिलं. पाठवलास तर याद राख.

दारात तुझी वाट बघणारी, तुझ्यावर भयंकर चिडलेली,
तुझी आपा
सफुरा