थरथरीची वाट पाहताना

७ डिसेंबर, रविवार

बोईसरहून धावत नवापूरचा किनारा गाठून परत. नेहमीप्रमाणे धावायला काशिनाथ सोबत होता. हवा गार, पाय हलके. घरी येऊन बूट काढले, वर्तमानपत्र वाचले, अंघोळीचे पाणी लावले आणि केवळ शिस्त म्हणून बोट टोचले. साखर ५४.

यंत्र चुकले असे समजून हात साबणाने धुतले व दुसऱ्या बोटाचे रक्त घेतले. ५१.

साखरपाणी घेऊन खुर्चीत बसून राहिलो. पुन्हा तपासली तेव्हा ८८. म्हणजे यंत्र बरोबर होते.

आजवर सत्तरच्या खाली गेलो की शरीर कळवीत असे. आधी ओठांना मुंग्या, मग मानेवर गार घाम, मग बोटांची थरथर. हा क्रम इतक्या वर्षांत कधी चुकला नव्हता. आज यांतले काहीही आले नाही. ५१ वर मी अग्रलेख वाचत होतो, आणि तो मला पटतही होता.

सौ.ला सांगितले नाही. अजून एकदा खात्री करून मग सांगेन.

९ डिसेंबर, मंगळवार

सकाळी तांदळाची भाकरी काट्यावर ठेवली. सौ. म्हणाली, “सोनाराकडे आलात का भाकरी घ्यायला? काटा पुसून ठेवा, पीठ चिकटतंय.” भाकरी किती ग्रॅमची हे ठाऊक नसेल, तर जेवणाआधीचे इन्सुलिन किती घ्यायचे हे कसे ठरवणार? हे मी तिला यापूर्वी अनेकदा सांगितले आहे. तिने हेही ऐकून घेतले.

हल्ली बोट जास्त वेळा टोचतो, हे तिच्या लक्षात आले असावे. विचारले नाही. बघत राहिली.

१० डिसेंबर, बुधवार

ऑफिसात, जेवणाच्या सुट्टीआधी, ६३. काही जाणवले नाही.

गूळ खाऊन, साखर वर आल्यावर, त्याआधीच्या अर्ध्या तासात केलेली सगळी व्हाउचरे पुन्हा तपासली. एकही चूक नाही. चूक सापडली असती तर बरे वाटले असते. निदान काही तरी खूण मिळाली असती.

१३ डिसेंबर, शनिवार

जानेवारीत पालघरला एकवीस किलोमीटरची शर्यत आहे. काशिनाथने दोघांची नावे दिली आहेत. उद्या लांब पल्ला. थांबावे का, हा विचार दिवसभर केला.

थांबावे तर वडिलांचा, अण्णांचा पाय डोळ्यांसमोर येतो. एडवणच्या वाडीत, केळींना पाणी सोडताना अंगठ्याला लागलेली एवढीशी जखम. त्यांची साखर कायम चढलेली असे आणि ते कधी ती मोजत नसत. आधी अंगठा गेला, मग घोट्यापासून पाय. मी धावायला लागलो ते त्यांच्या वर्षश्राद्धानंतर. धावणे सोडले तर त्या बाजूला जातो. धावलो तर या बाजूला. मधली वाट अरुंद आहे, आणि तिच्या कडेला लावलेले खांब आता मला दिसेनासे झाले आहेत.

उद्याची आखणी: निघताना १६० ते १८०. एक केळे. परतीला वळण्याआधी एक ग्लास नीरा. ग्लुकोजच्या पावडरीने मला मळमळते, बिस्कीट घशात अडकते. नीरा मात्र सहज उतरते, आणि तिच्यातली साखर मी मागेच हिशेबात बसवलेली आहे. आमच्या वाडीत ताडाची झाडे होती. नीरा काय असते हे मला कोणी शिकवायला नको.

१५ डिसेंबर, सोमवार

रजा घेतली आहे. काल काय झाले ते लिहितो. जे मला आठवते ते माझे. उरलेले काशिनाथ व सौ. यांच्याकडून कळलेले.

काशिनाथ उशिरा आला. त्याच्या मुलाची होडी पहाटे बंदराला लागली होती, मासळी उतरवून मग निघाला. आम्ही नवापूरला पोहोचलो तेव्हा ऊन चांगलेच वर आले होते. नीरेची बाई नेहमीच्या जागी बसली होती. ग्लास तोंडाला लावला, तर आंबट. तिने सरळ सांगितले, “आता नीरा नाय, ताडी झाली. पायजे तर घ्या.” काशिनाथ हसला. “घ्या भाऊ, रविवार हाय.”

इथे मी जे केले ते माझ्यासारख्या माणसानेच करावे. आंबट झाली म्हणजे साखर काही प्रमाणात उतरली, एवढे मला कळले. ती उतरलेली साखर भरून काढण्यासाठी मी दुसरा ग्लास घेतला.

परतीचा रस्ता मला आठवतो तो खारफुटीजवळच्या पुलापर्यंत. पुढे काही नाही. रिकामे.

काशिनाथ सांगतो की मी पुढे निघालो आणि हाक मारली तरी वळलो नाही. औद्योगिक वसाहतीतल्या एका बंद कारखान्याच्या फाटकाशी जाऊन कडी वाजवू लागलो. आत जायचे आहे, उशीर झाला आहे, असे म्हणत होतो. रखवालदार बाहेर आला. माझ्या तोंडाला ताडीचा वास. तो काशिनाथला म्हणाला, “साहब ने सुबह-सुबह चढ़ा ली है। घर ले जाओ, सुला दो। शाम तक उतर जाएगी।” पाळीच्या कामगारांची बस थांबली, तिच्या खिडकीतून चारसहा जण हसले. काशिनाथही हसत होता. ते त्याने स्वतःच सांगितले.

रिक्षा बोलावली होती. घरी न्यायचे, निजवायचे, असे ठरले होते. रिक्षा येईपर्यंत त्याने सौ.ला फोन केला, “वयनी, भाऊंना जरा जास्त झाली हाय, घाबरू नका.” सौ.ने विचारले, “किती प्यायले?” “दोन ग्लास.” ती म्हणाली, “दोन ग्लासांनी त्यांना काय होतंय! त्यांच्या कमरेच्या पिशवीत साखरेची पुडी आहे. फोडा आणि गालात कोंबा. आधी ते करा, मग माझ्याशी बोला.”

मी त्याच्या हाताला चावलो.

सौ. पोहोचली तेव्हा, पुडी पोटात गेल्यानंतरही, ४१.

१६ डिसेंबर, मंगळवार

काशिनाथ संध्याकाळी आला. हाताला पट्टी. बोंबील आणले होते. ते सौ.च्या हाती दिले आणि माझ्यासमोर बसला. मग म्हणाला, “भाऊ, तुमी मला आयवरनं शिवी दिली.”

आणि लगेच पुढे म्हणाला, “आमच्या बंदरावर पन एवढी चांगली कोन देत नाय.”

सौ. आतून हसली. मला हसता आले नाही. ती शिवी मला येते हेच मला माहीत नव्हते. माझ्या तोंडून कोण बोलत होते? आणि तो माणूस फाटक का वाजवत होता?

जाताना काशिनाथ दारात थांबला. “मला वाटलं ताडीच हाय. मी तुमाला निजवलं असतं ना भाऊ.” तो खाली जाऊन पुन्हा वर आला, चप्पल न काढता म्हणाला, “उद्या धावायचं नाय. मी पन जात नाय.”

रात्रीच्या जेवणाला सौ.ने भाकरी काट्यावर ठेवून मगच ताटात वाढली. म्हणाली, “तुम्ही पडाल याची मला भीती नाही. पडलेल्या माणसाला लोक उचलतात. तुम्ही उभे राहून बडबडाल, आणि लोक हसून निघून जातील, याची आहे.”

सात तारखेचे ५१ तेव्हा सांगितले. तिने जेवण संपवले, ताटे उचलली आणि मग म्हणाली, “परत असं लपवलंत तर मी तुमच्या ऑफिसात येऊन बसेन.”

१८ डिसेंबर, गुरुवार

पालघरला डॉक्टरांकडे. त्यांनी न रागावता समजावले. रागावले असते तर सोपे गेले असते.

एक: ताडीत साखर थोडी आणि दारू पुष्कळ. यकृत दारू निस्तरण्यात गुंतले की साठ्यातली साखर सोडत नाही. वर धावणे. दुसऱ्या ग्लासने मी तूट भरली नाही, दुप्पट केली.

दोन: साखर वारंवार खाली गेली की शरीर त्या पातळीला सरावते आणि इशारा देणे बंद करते. म्हणजे मी जी काटेकोर साखर सांभाळत होतो, जिचा मला अभिमान होता, तिनेच थरथर बंद पाडली. अहवाल पाहून हेच डॉक्टर गेल्या वर्षी म्हणाले होते, “तुमच्यासारखा पेशंट मिळत नाही.” आज तो अहवाल बाजूला ठेवून म्हणाले, “एवढी चांगली साखर मला नको आहे.”

उपाय: काही आठवडे साखर जाणूनबुजून वर ठेवायची. एकदाही खाली जाऊ द्यायची नाही. रात्रीचे इन्सुलिन कमी केले. दंडावर सेन्सर, तो फोनवर आकडा दाखवतो व खाली जाऊ लागलो की वाजतो. धावणे बंद. इशारा बहुधा परत येईल.

“बहुधा म्हणजे?” मी विचारले.

“बहुधा,” डॉक्टर म्हणाले.

सौ.ने विचारले, “आणि आलाच नाही तर?” ते म्हणाले, तेव्हा बघू.

२३ डिसेंबर, मंगळवार

सकाळी १८७. दुपारी २०४. हे आकडे मुद्दाम ठेवलेले आहेत, हे स्वतःला सांगावे लागते. प्रत्येक वेळी पायाचा अंगठा बघतो. आरसा खाली ठेवून, तळव्याकडूनही.

२७ डिसेंबर, शनिवार

सौ.च्या भाचीच्या साखरपुड्याला केळव्यास गेलो होतो. पंगतीत सेन्सर वाजला. ८२, आणि आकडा खाली चाललेला. मला काही जाणवत नव्हते. जिलेबी समोरच होती. वर्षानुवर्षे न खाल्लेली जिलेबी, औषध म्हणून, सगळ्यांच्या देखत खाल्ली. भाचीचा सासरा म्हणाला, “बघा, म्हणत होते खात नाहीत.” सगळे हसले.

गोड लागली. त्याचीही भीती वाटली.

२ जानेवारी, शुक्रवार

वर्ष बदलले. यंत्रावर विसंबू लागलो आहे. दर थोड्या वेळाने फोन बघतो. काल ऑफिसात फोनची बॅटरी संपली, आणि चार्जर मिळेपर्यंत मी जिन्यात बसून राहिलो. उठून चालावे एवढाही विश्वास स्वतःबद्दल राहिला नव्हता. नवीन लागलेली कारकून मुलगी “सर, बरं नाही का?” म्हणून गेली. बरे आहे म्हणालो. बरे आहे की नाही हे मला माहीत नव्हते, हे तिला कसे सांगणार?

११ जानेवारी, रविवार

शर्यतीचा दिवस. काशिनाथ धावला. मीच त्याला जा म्हणालो होतो. संपल्यावर फोन केला. मागे लाऊडस्पीकर चालू होता, काही नीट ऐकू येत नव्हते.

“भाऊ, पोटऱ्या फाटल्या. तुमी असते तर हळू न्या म्हनून बोंबलले असते. मी आपला सुटलो पयल्यापासनं.”

“पाणी प्यालास का?”

“पानीच प्यालो. दुसरं काय नाय प्यालो.”

फोन ठेवल्यावर गॅलरीत उभा राहिलो. साखर १६९. ठीक. जिवंत आणि ठीक. एवढ्यावर समाधान मानावे, असे सौ.चे म्हणणे. मला मानता येत नाही, आणि न मानण्याचीही भीती वाटते.

२२ जानेवारी, गुरुवार

पालघर. सेन्सरचे आकडे डॉक्टरांनी बारकाईने पाहिले. या काळात एकदाही सत्तरच्या खाली गेलेलो नाही. म्हणाले, “सोबत माणूस ठेवून थोडे धावून बघा. सपाट रस्ता, ओळखीचा. साखर भरपूर ठेवा.”

इशारा परत आला का, हे कसे कळणार, असे विचारले. साखर खाली गेल्याशिवाय ते कळत नाही. आणि ती खाली जाऊ द्यायची नाही. ते मान्य करून डॉक्टरही थोडे हसले.

२५ जानेवारी, रविवार

सौ. स्कूटर चालवत माझ्या मागे. काशिनाथ येणार होता, तिने नको म्हटले. “तो हसतो,” म्हणाली.

निघताना १७४. केळे खाल्ले. साखरेच्या पुड्या तिच्या पर्समध्ये, माझ्या पिशवीत आणि स्कूटरच्या डिकीत. नवापूरच्या रस्त्याला लागलो. कारखान्यांच्या भिंती संपल्या, मोकळे वारे सुरू झाले. मासळीच्या पाट्या घेऊन चाललेल्या बायका बाजूला झाल्या. एक म्हणाली, “वयनी, पळतायत की पळवताय?” सौ. म्हणाली, “दोन्ही.”

खारफुटीचा पूल दिसला आणि ओठांना मुंग्या आल्या.

मग मानेवर गार घाम. मग उजव्या हाताची बोटे. थरथर. स्पष्ट, जुनी, ओळखीची. थांबलो. सौ.ला हात दाखवला. मला वाटते मी हसत होतो. “आली,” म्हणालो. “परत आली.”

तिने स्कूटर स्टँडवर घेऊन आधी पुडी फोडली. मी म्हटले, आधी बोट टोचू दे. फोनवर १५१. बोटाचे १४८.

म्हणजे साखर खाली गेलेली नव्हती. मी फक्त घाबरलो होतो.

दोघेही पुलाच्या कठड्याशी उभे राहिलो. भीतीची थरथर आणि साखरेची थरथर शरीर एकाच पद्धतीने आणते, हे डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत सांगितले होते. मी ते ऐकले होते, समजलो नव्हतो. इतके आठवडे जिची वाट पाहिली, ती आली तरी तिच्यावर विश्वास ठेवता येणार नाही. उद्या खरी आली, तर मी ती भीती समजून पुढे जाईन.

सौ. म्हणाली, “मागे फिरू या का?”

मी म्हणालो, पूल ओलांडून बघू.

पूल ओलांडला. हात हळूहळू शांत झाले, घाम सुकला. पाय आपोआप पडू लागले, समुद्राचा वास आला. बऱ्याच दिवसांनी अंग माझे वाटले. सौ.ने स्कूटर माझ्या बरोबरीला आणली.

“आता कसं वाटतंय?”

“काहीच वाटत नाही,” मी म्हणालो.

तिने ब्रेक दाबला. ५१ वरही काहीच वाटले नव्हते. मीही थांबलो. फोन काढला, आकडा यायला वेळ लागत होता.