वसंताचा नवा नंबर

१० नोव्हेंबर, सोम.
वेबसाइटवाल्यांकडून सहा लीड विकत घेतल्या. नेटवर विम्याचा फॉर्म भरलेली सहा माणसं, नाव-नंबरासकट. वर लिहिलंय 'फक्त तुमच्यासाठी'. लग्नपत्रिकेत 'सहकुटुंब यावे' असतं, तितपतच खरं. आणखी चार-पाच एजंटांना हीच नावं गेली असणार.
कामठीची एक मात्र मनात बसली. वसंता, पॉवरलूमवर कामाला. घरच्यांसाठी आरोग्य विमा हवाय. 'इतर माहिती'चा रकाना सगळे रिकामा सोडतात, इथे लिहिलंय : 'प्रेमाने समजावून सांगा. ते लवकर घाबरतात.' बायकोने भरलाय, नक्की.
दोनदा लावला. उचलला नाही.

१२ नोव्हें., बुध.
कामठी, आज सकाळीही नाही. ऑफिसचा रिवाज असा की तीन दिवस फोन उचलला नाही तर नंबर ग्रुपवर टाकायचा, मग ज्याला लागेल त्याचा. समोरच्या टेबलावरून महेश म्हणाला, "ताई, काहून सांभाळून राहिल्या? लोणचं घालता का त्याचं?" हसले. आणि टाकला. ग्रुपवर आम्ही अठरा जण.

१४ नोव्हें., शुक्र.
दुपारी अनोळखी नंबर. "विम्याच्या ताई ना? मी रंजना, कामठीहून. वसंताची बायको. यायच्या फोनात सगळ्यात आधी तुमचाच नंबर होता."
दोन दिवस त्याला फोनवर फोन. दर वेळी लूम सोडून बाहेर यायचा, मालक ओरडला. काल त्याने सिमकार्डच मोडून टाकलं. आता विम्याचं नाव काढू देत नाही.
"दीर दवाखान्यात होते तवा घरातलं सारं गेलं, ताई. मले लय भेव वाटते. तुमीच समजावा यायले." मग म्हणाली, "एवढ्या लोकायले नंबर कोणं देला असंन?"
"वेबसाइटवाले विकतात," म्हणाले.
अर्धं खरं. 

१५ नोव्हें., शनि.
सीताबर्डीहून ऑटोने कामठी. आधी लूमवरच गेले. आत पाऊल टाकलं नि कान बंद. माझाच फोन पर्समध्ये वाजून गेला, पत्ता नाही. तेव्हा उमगलं, तीन दिवस का उचलला नाही ते.
सुट्टी झाल्यावर त्यांच्या घरी चहा. रंजना सांगत होती, आधी फोन पिशवीत असायचा. "विम्याचा फोन येईन म्हून बुधवारी दुपारी मीच म्हटलं, खिशात ठेवा, थरथरला का समजते." त्याने ऐकलं. आणि त्याच दिवशी आमचे अठरा जण...
राहवलं नाही. सांगून टाकलं. "वेबसाइटवाल्यांनी चार-पाच जणांना विकला असेल. बाकीच्यांना मी दिला."
रंजनाच्या हातातली गाळणी तशीच राहिली. वसंता रागावेल असं वाटलं होतं.
"काहून देला, मॅडम?"
"तुम्ही उचलला नाही म्हणून."
"आयकू नाई आलं ना, मॅडम."
इतकं हळू बोलला की मला रडू आलं. त्यांच्यासमोरच. रंजनानेच पाणी दिलं.

१७ नोव्हें., सोम.
ग्रुपवरून नंबर काढला. आता काय उपयोग, पण काढला. महेशचं पालुपद चालूच, "आजकाल लीडच खराब येऊन राहिल्या." म्हटलं, "चांगल्या येतात रे. आपण खराब करतो." मग त्याला खिशातल्या फोनचं सांगितलं. त्याने विचारलं, "विमा घेतीन का तो?" माहीत नाही. मी यापुढे कुणाचा नंबर टाकणार नाही, एवढं माहीत आहे.

१९ नोव्हें., बुध.
रंजनाचा फोन. "ताई, हे बोलतात म्हणे." मागे कुजबुज, "बोला ना, खात नाई त्या."
वसंताने नवं सिम घेतलंय. दोन प्रश्न. डॉक्टरांची तपासणी असते का? आणि हा नंबर कोणाकोणाला जाईल?
म्हटलं, तपासणी असेल तर मी सोबत येईन. नंबर माझ्या वहीत राहील, बाकी पॉलिसीच्या फॉर्मवर.
मग तो म्हणाला, "लिवा." एकेक आकडा सांगत गेला, मी लिहीत गेले. नऊ झाल्यावर थांबला.
"शेवटचा आकडा फॉर्म भरताना सांगतो, मॅडम. भरला तर." मागे रंजना हसली. तोही हसला बहुतेक.
वहीत नऊ आकडे आहेत. दहावा दहा प्रयत्नांत सापडेल, पण लावून बघणार नाही.