आधी पाणी, मग माप

बाबा, मागच्या पत्रात मी तुम्हाला चुकीचं लिहिलं. त्यात आहे की काकांच्या बॅटरीचं मी आधी माप घेतलं आणि मग तिच्यात पाणी घातलं. तसं झालं नव्हतं. पाणी आधी घातलं होतं. तुम्ही असताना तुम्हाला जे तोंडी सांगितलं, तेच तुम्ही गेल्यावर कागदावरही लिहिलं. ते पत्र कुठे जाणार नव्हतं, ते कुणी वाचणार नव्हतं, तरीही हात खोट्याकडेच वळला. ते पत्र मी फाडलेलं नाही. फक्त त्या ओळीवर काट मारून शेजारी बरोबर क्रम लिहिला आहे.

हा क्रम तुम्ही मला शाळेच्या आधी शिकवलात. ढाणकीच्या आपल्या घरात पुढच्या खोलीत चार्जिंग आणि मागे स्वयंपाकघर, मध्ये एक पडदा. आईच्या फोडणीला तेजाबाचा वास आणि तुमच्या शर्टाला फोडणीचा. काचेच्या नळीतला तो तरंगणारा काटा वाचायला तुम्ही मला मांडीवर घेऊन बसायचात. काटा वर राहिला की बॅटरी भरलेली, बुडाला की उतरलेली. शाळेत बाई शंभरपर्यंत आकडे काढायला सांगत होत्या, तेव्हा मला बाराशे पन्नास वाचता येत होतं. एकदा तुम्ही पेल्यात गुळाचा घट्ट पाक ओतला, वरून चमच्यानं हळूच पाणी सोडलं आणि मला म्हणालात, "चाख." मी वरचा घोट घेतला. फिक्का लागला. "गूळ नाही का त्याच्यात? हाय न. पण तू वरून चाखलं. बॅटरीचंबी असंच. पाणी टाकलं का ते वरच राह्यते, तेजाब खाली. लगेच मापलं तर चांगली बॅटरी मेलेली दिसते. म्हून पाणी टाकाचं, रातभर चार्जिंगवर ठेवाचं, उकळी फुटू द्याची, अन् मंग मापाचं." आई चुलीपाशी होती. ती म्हणाली, "पोरीले गूळ पाजता पाजता उद्या तेजाब नका पाजू म्हंजे झालं." तुम्ही हसलात. पेला मी ढवळून पिऊन टाकला. ती चव आजही माझ्या जिभेवर आहे, म्हणजे मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय नाही.

काका आपले नातेवाईक नव्हते. धरणाच्या काठच्या गावातले मासेमार, बाजाराच्या दिवशी ढाणकीला यायचे. खांदा निखळल्यापासून त्यांना वल्हं मारवत नव्हतं, म्हणून जावयानं नावेला बॅटरीवर चालणारी एक लहान मोटर बसवून दिली होती. बॅटरी निवडायला ते आपल्याकडे आले, तो दिवस मला नीट दिसतो. ते दारात उभे आहेत, हातात पानात बांधलेला मरळ आहे, आणि त्यांना ट्रॅक्टरची बॅटरी हवी आहे.

"भाऊ, ट्रॅक्टरची द्या. दमदार राह्यते."

"ते पहिलवान हाय, काका. एक झटका देते अन् बसते. इंजिन चालू कराले ठीक. तुमाले हमाल पाहिजे. दिवस बुडेलोक हळूहळू ओझं नेणारा."

"म्हंजे आमच्यासारखा."

"तुमच्यासारखा. पण त्यालेबी दमवू नका. अर्धी उतरली का नाव काठाकडे फिरवा."

इन्व्हर्टरला लावतात तसली उंच बॅटरी तुम्ही त्यांना शोधून दिलीत, जुनी पण खणखणीत. पुढची दोन वर्षं दर बाजाराला ती एसटीच्या टपावरून यायची, एक रात्र आपल्याकडे मुक्काम करायची आणि दुसऱ्या दिवशी परत जायची. आई तिला पाहुणी म्हणायची.

मग तो उन्हाळा आला, काका आजारी पडले आणि बॅटरी दोन महिने तशीच पडून राहिली. जूनमध्ये त्यांनी ती आणून ठेवली तेव्हा तुम्ही सामान आणायला उमरखेडला गेला होता. जाताना मला म्हणाला होतात, "काही आलं तर पाणी पाह्य अन् चार्जिंगले लाव." मापायला सांगितलं नव्हतं. मी झाकणं उघडली. आतलं पाणी इतकं आटलं होतं की प्लेटा उघड्या पडल्या होत्या. नळीत काही चढेना, नुसती हवा. मी सहाही सेलमध्ये पाणी घातलं, नीट, खुणेपर्यंत. तिथेच थांबायचं होतं. मी चौदा वर्षांची होते आणि मला थांबता येत नव्हतं, अजूनही येत नाही. बॅटरी जिवंत आहे की नाही हे उद्यापर्यंत माहीत नसणं मला सहन होईना. मी नळी बुडवली. सहाच्या सहा सेलमध्ये काटा तळाला गेला. मी खडू घेतला आणि बॅटरीवर फुली मारली.

तुम्ही आलात तेव्हा भंगारवाला दारातच होता, त्याची गाडी भरत होती. तुम्ही फुली पाहिली.

"सहाही?"

"हो."

"पाणी आधी का माप आधी?"

तुम्ही विचारलंत त्या क्षणी मला पेला आठवला. सगळं कळलं. अजून काही बिघडलं नव्हतं, बॅटरी तिथेच होती, रात्रभर चार्जिंगला लावली असती तर सकाळी खरं काय ते दिसलं असतं. मी म्हणाले, "माप आधी."

तुम्ही माझ्याकडे पाहिलंत, नेहमीपेक्षा थोडं जास्त वेळ. मग भंगारवाल्याला म्हणालात, "घे, हेबी." दुसऱ्या दिवशी काका आले तेव्हा तुमच्याकडे देण्यासारखी एकच बॅटरी होती, ट्रॅक्टरची. "पंधरा दिवस हे चालवा, तवर दुसरी पाहतो. लांब जाऊ नका." काकांनी मान हलवली, पण मासे लांबच होते.

पंधरा दिवसांत तुम्हाला दुसरी मिळाली नाही. तिसऱ्या आठवड्यात दुपारी वारा सुटला आणि धरणाच्या मधोमध मोटर बंद पडली. नावेत काका आणि काकू होते. काकूंनी एकटीनं वल्हं मारलं. काठाजवळ पाण्यात उभ्या असलेल्या बाभळीच्या खुंटावर नाव फाटली आणि मोटर तळाला गेली. दोघं वाचले. पण तशी मोटर पुन्हा त्यांच्या नावेला लागली नाही, आणि त्या खांद्यानं काका पुन्हा लांब गेले नाहीत.

पुढच्या बाजाराला ते आले. दुकानासमोर माणसं होती.

"माही बॅटरी कुठी हाय?"

"ते बाद झालती, काका. भंगारात गेली."

"बाद? दोन वर्स चालली, अन् तुमच्या घरी एक रात राह्यली न बाद झाली? चांगली ठून घेतली न मले मढं बांधून देल्लं. काहून असं केलं, भाऊ? मी तुमच्या भरोशावर पाण्यात जातो न."

"खराब होती."

"कोणं मापली?"

मी पडद्यामागे होते, हातात डिस्टिल पाण्याची बाटली. तुम्ही वळून पाहिलं नाहीत. म्हणालात, "मीच मापली."

काका दारात थुंकले आणि गेले. त्यानंतर ढाणकीत तुमच्या मापाला किंमत राहिली नाही. लोक बॅटरी चार्जिंगला द्यायचे, पण स्वतः समोर बसून राहायचे, बदलली जाऊ नये म्हणून. तुम्ही त्यांना स्टूल द्यायचात. तीन वर्षं दिलंत, मग तुम्ही गेलात.

त्याआधी, मी कॉलेजला निघाले त्या सकाळी, तुम्ही ती काचेची नळी फडक्यात गुंडाळून माझ्या पिशवीत ठेवलीत. मी म्हटलं, बाबा, मला कशाला, दुकानात लागेल. तुम्ही म्हणालात, "माप खोटं बोलत नाही, बाई. मापाची येळ चुकते." एवढंच. मी पाया पडले. तुम्ही मला खरं सांगायला जागा करून देत होता, आणि मी पाया पडून बसस्टँडवर गेले.

आता मी पुसदला एका इन्व्हर्टरच्या दुकानात आहे. इथे बहुतेक बॅटऱ्या बंद झाकणाच्या येतात, त्यांना पाणी लागत नाही. चिमटे लावले की यंत्रावर आकडा दिसतो. तुमची नळी माझ्या खणात आहे. कधी जुनी बॅटरी आली की मी पाणी घालते, चार्जिंगला लावते, दुसऱ्या दिवशी मापते आणि आधी काय केलं ते वहीत लिहून ठेवते. दुकानात मला हसतात. यानं काही भरून येत नाही हे मला कळतं. सहाच्या सहा सेल एका दमात मरत नाहीत, हेही आता कळतं. तुम्हाला तर ते तेव्हाच माहीत होतं.

गेल्या महिन्यात काकांची मुलगी एक लहान बॅटरी घ्यायला दुकानात आली होती. मी तिला ओळखलं, तिनं मला नाही. तिच्या बोलण्यातून कळलं, काकांचं एक अंग गेलं आहे आणि त्यांना फार कमी ऐकू येतं. मी विचारलं, बॅटरी आधी कुठून घेत होतात? ती म्हणाली, "ढाणकीचं नाव नका काढू, ताई. बाबाले बाकी काही आठवत नाही, पण त्या बॅटरीवाल्यानं घात केला हे रोज म्हणतेत." मी तिला कॅरीबॅग दिली.

मी जाऊन सांगितलं तरी त्यांना ऐकू येईल असं वाटत नाही. आलं, तरी पाणी आधी आणि माप नंतर यात कुणाचं आयुष्य गेलं हे त्यांना पटेल असंही नाही. मोटर तळाशी आहे. तुम्ही नाही. तुमचं नाव साफ करावं, तर ज्यांच्यासमोर ते मळलं ती माणसंही आता त्या दुकानासमोर नाहीत. मी पेला आणि गूळ घेऊन जाणार आहे, दिसलं तर कदाचित कळेल म्हणून.

आणखी एक, ते लिहिल्याशिवाय हे पत्र खरं होणार नाही. "आता ते जास्त दिवस काढत नाहीत," असं त्यांची मुलगी म्हणाली, तेव्हा मला क्षणभर हायसं वाटलं होतं.

शुक्रवारी पोळा आहे. दुसऱ्या दिवशी पोळ्याची कर. श्रावण संपल्यामुळे सगळ्यांना मासे हवे असतात, त्यामुळे मुलगी आणि काकू सकाळपासून मासे विकायला काठावर असतील आणि काका घरी एकटे. पहिली एसटी सहा वाजता सुटते. मी शनिवारी जाते, बाबा.